पाणी एक, पंगती दोन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीत ऑस्ट्रेलियातून एक मिशन आलं. बारामती, श्रीगोंदा, दौंड हा त्याचा टापू. श्रीगोंद्याला अनाथ मुलांचा सांभाळ, दौंडला दवाखाना, बारामतीत सरकारनं कायद्यानंच ‘गुन्हेगार’ ठरवून टाकलेल्या जमातींच्या वसाहतीत काम. ही माणसं स्वतःला अँग्लिकन म्हणवत नसत, बॅप्टिस्ट नाही की प्रेस्बिटेरियन नाही. ‘ख्रिस्ताच्या मंडळ्या’, बस्स. त्यांच्या चळवळीचा जन्मच मुळी पंथ मोडण्यासाठी झाला होता. थॉमस कॅम्पबेल हा आयर्लंडहून अमेरिकेत गेलेला प्रेस्बिटेरियन पाळक. प्रभुभोजनाला कोणाकोणाला घ्यायचं यावरून वरिष्ठांशी त्याचं वाजलं आणि १८०९ साली त्यानं एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ताची मंडळी मुळात एकच आहे. माणसांनी रचलेल्या मतांगीकारांनी, म्हणजे श्रद्धेच्या ठरीव मसुद्यांनी, तिचे तुकडे पाडले. ते बाजूला ठेवा, नव्या कराराकडे परत चला, एकी होईल.

पुढे काय झालं? अमेरिकेतच या चळवळीच्या तीन ठळक शाखा झाल्या. फुटीचं एक कारण उपासनेत वाद्य वाजवावं की नाही हे होतं. नव्या करारातल्या उपासनेत वाद्याचा उल्लेख नाही, म्हणून वाजवू नये, असं एक म्हणे. मनाई नाही, म्हणून वाजवावं, असं दुसरा म्हणे. १९०६ च्या धार्मिक जनगणनेत दोघांची नोंद वेगळी करावी लागली. (पेटी-तबल्याशिवाय ज्यांचं भजन उभं राहत नाही अशा आपल्या मंडळ्यांना हे भांडण कळणारही नाही.) पंथ मोडायला निघालेल्यांचा आणखी एक पंथ झाला, आणि पुढे त्याचे तीन.

मी लोणी भापकरचा, बारामती तालुक्याच्या जिरायती भागातला, आणि घर प्रॉटेस्टंट. खंडनाची सुरुवात आपल्या घरापासून करावी हा या लेखनप्रकाराचा शिष्टाचार आहे, म्हणून आधी कॅम्पबेलला धरलं. ‘फक्त बायबल, बाकी काही नको’ हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक संमेलनात टाळ्या घेतं. कॅथलिकांशी एकी का होत नाही असं विचारलं की हेच उत्तर मिळतं: त्यांनी परंपरा टाकावी, पोप टाकावा, मग आम्ही आहोतच. या उत्तरातली गोम अशी की बायबल स्वतः उघडून बोलत नाही. ते कोणीतरी वाचतं, आणि वाचणारा कोणत्या तरी घरात, कोणत्या तरी मिशनच्या शाळेत वाढलेला असतो. ‘मी परंपरा मानत नाही’ असं सांगणारा पाळक बहुधा आपल्या गुरूचीच परंपरा चालवत असतो. तिला नाव दिलेलं नसतं इतकंच. नाव दिलेल्या परंपरेशी वाद तरी घालता येतो. बिननावाची परंपरा ‘देवाचं वचन’ म्हणून समोर येते आणि तिला हात लावला की माणूस देवाविरुद्ध गेला असं ठरतं. तालुक्याच्या गावी भाड्याच्या हॉलमध्ये नवी मंडळी सुरू होते, दोन वर्षांत तिची फाळणी होते, आणि दोन्ही गट ‘आम्ही फक्त बायबल मानतो’ असाच फलक लावतात. रोममध्ये एक पोप आहे असा आमचा आक्षेप; आमच्यात किती झाले हे मोजायची मात्र आमची तयारी नसते.

आता शेजारच्या हिंदूंचा युक्तिवाद. तो प्रेमाचा आहे, म्हणून त्याचं खंडन जास्त अवघड. ‘तुम्ही सगळे येशूलाच मानता ना? मग दोन देवळं कशाला? आमच्याकडं बघा की.’ लोणी भापकरच्या माणसाला असं म्हणायचा हक्क आहे. गावात मल्लिकार्जुनाचं यादवकालीन देऊळ आहे, जवळ देखणी पुष्करणी आहे, आणि त्याच परिसरात यज्ञवराहाचं शिल्प आहे. शिवाच्या अंगणात विष्णूचा अवतार. शैव-वैष्णव वाद इथल्या दगडांनी कधीच मिटवला, मग कॅथलिक-प्रॉटेस्टंट वाद कसला धरून बसलात?

या युक्तिवादाला मी पंढरपूरचंच उदाहरण देतो. नरहरी सोनार कट्टर शैव. विठ्ठलाचा करगोटा घडवायचा तर त्याचं दर्शन नको म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून माप घ्यायला गेला. कथा सगळ्यांना ठाऊक आहे: हाताला शंकर लागला, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पण या कथेत ‘सगळे देव सारखेच, जाऊ दे’ असं म्हणणारा नरहरी नाही. त्याला आपलं मत होतं, त्या मतापायी त्यानं डोळे बांधले, आणि तरी कमरेचं माप बोटांनी चोख घेतलं. ते माप घेतलं म्हणून अभेद हाताला लागला. घरी बसून ‘हरिहर एकच’ म्हटलं असतं तर करगोटाही झाला नसता. आमच्यातले एकीवाले नेमकं हे माप घ्यायचं टाळतात. नाताळात फादर आणि पाळकसाहेब एका व्यासपीठावर येतात, केक कापतात, ‘आपण सारे एकाच पित्याची लेकरं’ म्हणतात आणि घरी जातात. दुसऱ्या रविवारी कोणाच्या उपासनेत काय फरक पडला? काही नाही. जानेवारीच्या १८ ते २५ तारखांना जगात बहुतेक ठिकाणी ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह पाळतात. आपल्याकडेही तो पाळणारे आहेत. त्या आठवड्यात एकमेकांच्या शिकवणीवर एक तरी प्रश्न विचारला गेला तर मी तो सप्ताह झाला म्हणेन.

तिसरा युक्तिवाद शिकलेल्यांचा. हे गोऱ्यांचं भांडण आहे, लूथरच्या विटेनबर्गचं आणि कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेचं. आपल्या आज्यापणज्यांना त्यात काय गम्य होतं? ज्या गावात ज्या मिशननं आधी शाळा काढली, दुष्काळात धान्य दिलं, त्या मिशनचं गाव झालं. अमेरिकन मराठी मिशनचं नगर, स्कॉटिश मिशनचं वेगळं, अँग्लिकनांचं वेगळं. प्रॉटेस्टंट मिशनांनी तर आपसात प्रदेश वाटून घेतले होते. जेझुइट त्या वाटपात नव्हते, म्हणून राहुरीकडे केंदळसारख्या गावी ते आले तेव्हा खडाजंगी झाली. तेव्हा मराठी ख्रिस्ती माणूस कॅथलिक की प्रॉटेस्टंट हे ठरलं ते आधी कोणतं मिशन आलं यावरून, सिद्धांतावरून ठरलं नाही.

माहिती खरी आहे, निष्कर्ष खोटा आहे. एखादी गोष्ट आपल्यापर्यंत कुठून आली हे सांगितलं म्हणजे ती खरी की खोटी याचा निकाल लागत नाही. रेल्वेही गोऱ्यांनीच आणली. शिवाय हे भांडण एकोणिसाव्या शतकात आलं हेही खरं नाही. मराठीतल्या पहिल्या मोठ्या ख्रिस्ती ग्रंथाच्या जन्मकथेतच ते आहे. क्रिस्तपुराण लिहिणारा फादर थॉमस स्टीफन्स इंग्रज होता. त्याच्या देशात कॅथलिक धर्मगुरूला फाशी होत असे. तो रोमला जाऊन जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला, आणि त्याचं ओवीबद्ध पुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. इंग्लंडमध्ये कॅथलिक-प्रॉटेस्टंट फूट पडली नसती तर गोव्यातल्या साष्टीच्या नवख्रिस्त्यांसाठी ही हजारो ओव्यांची रचना करायला हा माणूस तिथे असता का, सांगता येत नाही.

आणि आपल्या माणसांना सिद्धांतात गम्य नव्हतं हे कोणी सांगितलं? पंडिता रमाबाईंचं केडगाव आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला, अँग्लिकन पद्धतीनं. त्यानंतर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो मराठी माणसानं मुळातून वाचावा असा आहे. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरत नव्हता, आणि न उतरलेलं उतरलं म्हणायला त्या तयार नव्हत्या. चर्चची मी सदस्य आहे, पण पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं ते दुसऱ्याचं घेण्यासाठी नव्हे, हा त्यांचा पवित्रा. पुढे ‘माझी साक्ष’ मध्ये त्यांनी लिहिलं आहे की ख्रिस्ती पंथांची जी भाऊगर्दी दिसली तिनं आपण चक्रावून गेलो, जणू बाबेलचाच गोंधळ. पण चक्रावलेल्या बाईनं ‘पंथ गेले खड्ड्यात’ म्हणून सिद्धांताचा विचार सोडला का? उलट, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं, ते त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात छापलं गेलं. ज्यांच्या प्रभावानं त्या ख्रिस्ताकडे वळल्या त्यांत नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या, गोऱ्हे होते. या काशीच्या पंडितानं बाप्तिस्म्यानंतरचं सगळं आयुष्य शंकांशी झुंजण्यात घालवलं. आपल्याकडे सिद्धांत पचवणारी डोकी होती. आपण त्यांची जयंती करतो आणि त्यांचा प्रश्न सोडून देतो.

उलट बाजूला कवी नारायण वामन टिळक. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा. एकीवाले टिळकांचं नाव घेतात ते यासाठी. टिळकांबद्दलचा आदर राखून मी म्हणतो की दरबाराची कल्पना मोठी होती, पण दोनच वर्षांत, १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे उभा राहिला नाही. कवीच्या व्यक्तित्वावर उभी राहिलेली एकी कवीबरोबर जाते. एकी टिकायची तर वाद मिटवायचे नियम लिहून ठेवावेच लागतात.

आता एक लग्न बघू. नावं नकोत, अशी लग्नं दर हंगामात होतात. मुलगी श्रीरामपूरकडची कॅथलिक, तान्हेपणी स्नानसंस्कार झालेली. मुलगा बारामतीचा, ज्या परंपरेत विश्वासाची कबुली देऊन पाण्यात पूर्ण बुडी घेतल्याशिवाय बाप्तिस्मा धरत नाहीत तिच्यातला. सोयरीक जमली, साखरपुडा झाला, आणि मग मुलीचा मामा मुलाकडच्या पाळकांना भेटायला येतो.

‘पाळकसाहेब, पोरगी तुमच्याकडं नांदायला येणार. मंडळीच्या वहीत तिचं नाव घालून घ्या.’

‘घालू की. बाप्तिस्मा झालाय का तिचा?’

‘झालाय तर. हा बघा दाखला. चाळीस दिवसांची होती.’

‘मामा, तुम्ही वडीलधारे, राग मानू नका. तो आमच्यात धरत नाहीत. तिनं स्वतः कबुली दिली नाही ना.’

मामा दाखल्याची घडी करून खिशात ठेवतो. त्याच्या लेखी त्याच्या भाचीला आज कोणीतरी ख्रिस्ती नाही म्हणालं.

आता दुसरीकडे. मुलगा मुलीच्या धर्मग्रामात फादरना भेटतो. फादर त्याचा दाखला बघतात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं पाण्यानं बाप्तिस्मा झाला आहे एवढं तपासतात, आणि म्हणतात, ठीक, बाप्तिस्मा वैध आहे, पुन्हा करायचा नाही. मिश्रविवाहाला बिशपांची परवानगी लागते, मुलं कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी जमेल ते करीन असं वचन मुलीकडून घेतात. १९७० पासून मुलाकडून मात्र सही घेत नाहीत, त्याला फक्त कळवतात. पण लग्नाच्या मिस्सामध्ये पवित्र कम्युनियनची वेळ येते तेव्हा नवरी पुढे जाते आणि नवरा जागेवर बसून राहतो. कॅथलिक कायद्यात अगदी विशिष्ट अडचणीच्या वेळी, स्वतःचा पाळक मिळणं शक्य नसताना, या संस्काराविषयी कॅथलिक श्रद्धा बाळगून मागितलं तरच इतर ख्रिस्ती माणसाला ते देता येतं. लग्न ही अडचण सहसा धरत नाहीत. इकडे बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या वेळी ‘प्रत्येकानं स्वतःला पारखावं’ एवढंच सांगतात आणि पाहुण्याला उठवत नाहीत.

या लग्नात मला जे दिसतं ते ठरीव मतांच्या उलट आहे. ताठर म्हणून ज्याची ख्याती ते रोम पाण्यापाशी दार उघडं ठेवतं आणि पंगतीपाशी लावून घेतं. मोकळी म्हणून जिची ख्याती ती आमची परंपरा पंगतीपाशी दार उघडं ठेवते आणि पाण्यापाशी लावून घेते. दोघंही समोरच्याचं बंद दार दाखवतात. पंगतीवरून धर्म कसा चालतो हे महाराष्ट्राला शिकवायला नको. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक-रानड्यांसारख्यांनी घेतलेल्या चहानं प्रायश्चित्तापर्यंत मजल मारली होती. पण पंचहौदच्या चहात सिद्धांत नव्हता, विटाळ होता. इथे सिद्धांत आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणाला संकुचित म्हणणं अन्यायाचं आहे. कॅथलिक माणसाच्या श्रद्धेनुसार ती भाकर ख्रिस्ताचं शरीर होते. ते घेणं म्हणजे त्या सभेच्या संपूर्ण विश्वासाला ‘आमेन’ म्हणणं. ज्याला तो विश्वास मान्य नाही त्याच्या तोंडून ‘आमेन’ काढून घेऊ नये, हा विचार मला चुकीचा वाटला तरी अपमानाचा वाटत नाही. आणि जाणत्या वयात कबुली दिल्यावाचून बाप्तिस्मा नाही म्हणणाऱ्याला तान्ह्याच्या बाप्तिस्म्यात स्वातंत्र्याचा भंग दिसतो, हेही मला समजतं.

तरी इथे मी आमच्या लोकांना दोष देणार आहे. बाप्तिस्म्याचा वाद तिसऱ्या शतकापासूनचा आहे. पाखंडी मानलेल्याच्या हातून झालेला बाप्तिस्मा खरा की नाही यावर कार्थेजचा सिप्रियान आणि रोमचा स्टीफन भांडले होते, आणि शेवटी तो खरा धरायचं ठरलं. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेनं लूथरपंथीयांना शापांमागून शाप दिले, त्याच परिषदेनं १५४७ मध्ये हेही ठरवलं की त्रैक्याच्या नावानं, मंडळीच्या हेतूनं दिलेला बाप्तिस्मा पाखंडी माणसानं दिला तरी खरा. ज्याला शाप दिला त्याचं पाणी मान्य केलं. इतकं मन आम्हाला आज, शाप न देतासुद्धा, दाखवता येऊ नये? एखादी चाळीस वर्षांची बाई जन्मभर प्रार्थना करत आली, तिला दुसऱ्यांदा पाण्यात उतरवून ‘आता तू ख्रिस्ती झालीस’ म्हणणं हे तिच्या चाळीस वर्षांच्या प्रार्थना रद्द करणं आहे. बुडीचा बाप्तिस्मा द्या, त्याचा आग्रह धरा, नवीन लोकांना तसाच द्या. पण झालेला पुसू नका. आमच्यातल्या कोणाला यावर शास्त्राधार हवा असेल तर ‘एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा’ हे पौलानं इफिसकरांना लिहिलेलं आमच्याच भिंतींवर रंगवलेलं असतं.

आता कॅथलिकांकडे. ‘घराबाहेर गेलात, परत या’ ही त्यांची जुनी भूमिका. १८९६ मध्ये लिओ तेराव्यानं अँग्लिकन दीक्षा संपूर्ण निरर्थक ठरवली. १९२८ मध्ये पायस अकराव्यानं ऐक्यपरिषदांना जायला मनाई करून सांगितलं की ऐक्याचा एकच मार्ग, परतीचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ऐक्याबद्दलचा हुकूमनामा काढला आणि सूर बदलला: फुटीचा दोष दोन्हीकडे आहे, आणि बाप्तिस्मा झालेले बाहेरचे ख्रिस्ती हे प्रभूमधले भाऊ आहेत. पोप सहावे पॉल दोन आठवड्यांच्या आत मुंबईत युखॅरिस्टिक काँग्रेसला आले होते, म्हणजे ती शाई वाळलीही नव्हती. पण खाली काय पोहोचलं? अजूनही धर्मशिक्षणाच्या वर्गातून बाहेर पडलेला मुलगा लूथरबद्दल ‘ज्याला लग्न करायचं होतं तो साधू’ एवढंच सांगतो. लूथरचा प्रश्न पाप्याला देव कशाच्या बळावर स्वीकारतो हा होता. तो न सांगता लूथर सांगणं म्हणजे विषय चुकवणं.

आमच्या बाजूनंही तेवढीच सोपी शिवी तयार असते: कॅथलिक मूर्तिपूजक. दर सप्टेंबरला हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला लोटणारी गर्दी दाखवून ती दिली जाते. ७८७ सालच्या दुसऱ्या निकायाच्या परिषदेनं प्रतिमेचा आदर आणि देवाची आराधना यांत फरक केला, आराधना फक्त देवाची, हे कॅथलिक शिकवणीत आजही लिहिलेलं आहे. त्या शिकवणीचा पत्ता न घेता आरोप करणं म्हणजे शेजाऱ्यावर खोटी साक्ष. तरी मी यात्रेला जाणाऱ्यांना हेही विचारीन की नवस फेडणारी बाई मरियेकडे विनंती करायला आली आहे की मरियेशी व्यवहार करायला, हा फरक तिला कोणी समजावला? समजावला नसेल तर आमचा आरोप खोटा असूनही तिच्यापुरता खरा ठरतो, आणि ती जबाबदारी फादरांची आहे.

आणखी एक मत हल्ली जोरात आहे, त्याला फार वेळ देण्याची गरज नाही: आपण महाराष्ट्रात एक टक्काही नाही (२०११ च्या जनगणनेत सुमारे १० लाख ८० हजार), काळ वाईट, तेव्हा मतभेद गुंडाळून एक व्हा. एकत्र काम करावं यात वाद नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं, त्याविरुद्ध १० ऑगस्टचा काळा दिवस कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मिळून पाळतात, आणि पाळावाच. पण ती संघटना झाली. भीतीनं एकत्र बसलेली माणसं भीती सरली की उठून जातात.

मंडनाला आता जागा झाली. एकी कशी होते याचे पुरावे आपल्याकडे आहेत, आणि ते केक कापण्याचे नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. अँग्लिकन, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स, म्हणजे कॅम्पबेलचेच एका शाखेचे वारस. बोलणी १९२९ पासून चालू होती. इतका वेळ का लागला? कारण प्रत्येक मुद्दा कागदावर आणून भांडले: बिशप असावा की नसावा, तान्ह्याला बाप्तिस्मा द्यावा की जाणत्याला. बाप्तिस्म्याचा तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती एकाच मंडळीत राहतील. बारामतीच्या त्या लग्नाला हवं असलेलं उत्तर नागपुरात लिहून ठेवलेलं आहे. (एकीची दुसरी बाजूही सांगतो. ब्रदरन मंडळीचं विलीनीकरण न्यासाच्या कायद्याप्रमाणे झालंच नव्हतं असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये दिला. प्रार्थनेनं जुळलेली मनं मिळकतीच्या उताऱ्यावर अडली. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट तर ऐन वेळी बाहेरच राहिले.)

कॅथलिकांशी असं विलीनीकरण होणं नाही, निदान आमच्या नातवांच्या काळात नाही. पण मूळ भांडणाचा मुद्दा तरी उरला आहे का? ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, म्हणजे लूथरच्या प्रबंधांच्या दिवशी, ऑग्सबर्गला लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक सभा यांनी नीतिमान ठरण्याच्या सिद्धांतावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आशय थोडक्यात हा: आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेनं, ख्रिस्तावरच्या विश्वासात देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा मन नवं करून सत्कृत्यांसाठी सिद्ध करतो, सोळाव्या शतकातले परस्परांवरचे शाप या घोषणापत्रातल्या शिकवणीला लागू पडत नाहीत. २००६ मध्ये मेथॉडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्या त्यात आल्या. ज्यावरून युरोप फाटला त्या प्रश्नावर दोघांची सही आहे, आणि आपल्याकडच्या संमेलनांत अजून ‘ते कर्मानं तारण मानतात’ हे प्रवचन जसंच्या तसं चालू आहे. पुण्यात नगर रोडला पेपल सेमिनरी आहे, बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी. दोन्हीकडे पोरं हेच घोषणापत्र वाचून परीक्षा देत असतील तर गावात आल्यावर ते विसरतात कसं?

पुण्यातच शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. अँग्लिकन मिशनरी विन्स्लो यांनी सुरू केलेल्या सेवासंघाच्या त्या वास्तूत १९७० च्या दशकात कॅथलिक सेक्रेड हार्टच्या भगिनी आणि वाँटेजच्या भगिनी एकत्र राहू लागल्या. वाँटेज म्हणजे तेच, जिथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला आणि जिथल्या सिस्टरना त्यांनी ‘पटलं नाही’ असं लिहून कळवलं. रोजची प्रार्थना एकत्र, स्वयंपाक एकत्र, आणि आपापल्या मंडळीची शिस्त आपापल्या ठिकाणी. मतभेद विसरून नव्हे, ते माहीत असून एका छपराखाली राहता येतं, याला हा पुरावा मला पुरेसा आहे.

रोमकडून माझी एकच मागणी आहे: मिश्रविवाहातल्या जोडप्याला पंगतीत वेगळं बसवू नका. ही मागणी काही अचाट नाही. जर्मनीच्या कॅथलिक बिशपांनी २०१८ मध्ये, काही प्रसंगी, विचारपूर्वक, अशा जोडीदाराला येऊ द्यावं असं मार्गदर्शन काढलंच होतं. विवाह हाच जर त्यांच्याकडे संस्कार आहे, तर त्या संस्कारानं एक झालेल्या दोघांना दुसऱ्या संस्कारानं दर रविवारी दोन करायचं, याचं समर्थन त्यांच्याच सिद्धांतातून करणं अवघड आहे.

यावर एक कॅथलिक मित्र हमखास विचारतो: एवढं सगळं पटतंय तर रोममध्ये का येत नाहीस? कारण नीतिमान ठरण्यावरचं भांडण मिटलं तरी अधिकाराचं मिटलेलं नाही. १८५४ मध्ये मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा, १८७० मध्ये पोपच्या अस्खलनशीलतेचा, १९५० मध्ये मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सिद्धांत जाहीर झाला. हे तिन्ही फुटीनंतरचे, आणि तिन्ही प्रत्येक कॅथलिकाला बंधनकारक. मरियेचा आदर करायला माझी हरकत नाही. पण शास्त्रात मला न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवल्यावाचून मी पूर्ण ख्रिस्ती नाही, हे माझ्या सद्सद्विवेकावर बांधता येत नाही. तो म्हणतो, मग तुमच्या बाजूच्या मोकाट पाळकांना कोण आवरणार? या प्रश्नाचा जोर मी मान्य करतो. लेखाच्या सुरुवातीला मी तोच विचारला आहे. माझं उत्तर सिनड, म्हणजे मंडळ्यांच्या प्रतिनिधींची सभा. सिनडनं ठराव केला आणि तो चुकला तर त्याला चूक म्हणून मंडळीत राहता येतं, पुढच्या सिनडला तो फिरवता येतो. १८७० चा ठराव मात्र फिरवता येत नाही, कारण तो फिरवता येणार नाही हेच त्यात ठरवलं आहे. माझं हे म्हणणं चुकीचं असेल तर कोणी फादरांनी त्याचं लेखी खंडन करावं आणि प्रॉटेस्टंटांच्या ‘ज्ञानोदय’ मासिकाकडे नाही तर कॅथलिकांच्या ‘निरोप्या’कडे पाठवावं. मी दोन्ही वाचतो, आणि उत्तर देईन.